वऱ्हाडांतील प्राचीन वास्तूंचीं छायाचित्रें : प्रकाश आणि पाठ

जुन्या पोथीची प्रत हातीं आली म्हणजे संशोधक तिला कांहीं ठराविक प्रश्न विचारतो. ती कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, कोणत्या मूळ प्रतीवरून लिहिली, आणि लिहिणाऱ्यानें पदरचें किती घातलें, हे ते प्रश्न होत. त्यांचीं उत्तरें मिळेपर्यंत तिच्यांतील पाठ कोणी प्रमाण धरीत नाहीं. परंतु त्याच संशोधकापुढें एखाद्या देवालयाचें अथवा किल्ल्याच्या दरवाजाचें छायाचित्र आलें, तर त्यास साक्षात् ती वास्तु समजून तो पुढें चालूं लागतो. यंत्रानें काढलेलें चित्र खोटें कसें बोलेल, अशी यामागील समजूत आहे. ती परीक्षेस टिकत नाहीं. छायाचित्र ही वास्तूची प्रतच होय, आणि ती प्रकाशानें लिहिलेली असते. प्रकाश बदलला कीं पाठ बदलतो. एका प्रहरीं स्पष्ट दिसलेली रेघ दुसऱ्या प्रहरीं लुप्त होते, आणि जी रेघ दगडांत नाहीं ती सावलीच्या रूपानें चित्रांत अवतरते. प्रस्तुत लेखांत वऱ्हाडांतील, त्यांतही मुख्यतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील वास्तूंच्या चित्रणाचा या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

आपल्या प्रांताच्या उंबरठ्यावर या विद्येचा आरंभ फार लौकर झाला. मेजर रॉबर्ट गिल यांस अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृति करण्यासाठीं इ. स. १८४४ मध्यें नेमण्यांत आलें. अनेक वर्षांच्या श्रमानें तयार झालेल्या त्या प्रतिकृतींपैकीं बहुतेक इ. स. १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत भस्म झाल्या. पुढें गिल यांनीं छायाचित्रणाचें यंत्र हातीं धरिलें होतें, आणि इ. स. १८६४ मध्यें फर्ग्युसन यांच्या विवरणासह त्यांचीं दोन पुस्तकें निघालीं. एकांत लेण्यांचीं ७४ छायाचित्रें आहेत. दुसऱ्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील वास्तु व प्राणिसृष्टि यांचीं १०० जोडचित्रें आहेत. रंगीत प्रतिकृति जळाल्या आणि कागदावरील छाया मागें राहिल्या, एवढी एक गोष्ट छायाचित्राचें मोल सांगण्यास पुरेशी आहे.

गिल यांच्या जोडचित्रांविषयीं एक विशेष सांगितला पाहिजे. दोन डोळ्यांस दोन किंचित् भिन्न चित्रें दाखविणारें हें साधन नतोन्नतपणा प्रकट करण्यासाठीं छायेवर सर्वस्वीं अवलंबून राहत नाहीं. लेण्याच्या मुखाशीं रणरणतें ऊन आणि आंत गडद काळोख, अशा ठिकाणीं एकेरी चित्रांत खांब आणि भिंत एकमेकांस चिकटल्यासारखीं दिसतात. जोडचित्रांत तीं सुटतात. विष्णुधर्मोत्तरपुराणांतील चित्रसूत्रानें निम्न व उन्नत यांचा विभाग दाखवूं शकणारा तोच चित्रवेत्ता, असा अभिप्राय दिला आहे. त्या कसोटीस जोडचित्र चांगलें उतरतें. हें साधन पुढें घरोघरच्या करमणुकीचें झालें आणि मग अडगळींत पडलें, यांत संशोधनाची हानि झाली असें आमचें मत आहे.

त्या काळच्या कांचांस स्वतःचे दोष होते, ते वाचकानें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. जुन्या ओल्या कांचेला, आणि तिच्यामागून आलेल्या साध्या कोरड्या कांचेलाही, निळा रंग फार लौकर लागे व तांबडा जवळ जवळ लागतच नसे. जर्मन रसायनज्ञ फोगेल यांनीं इ. स. १८७३ मध्यें या दोषावर उपाय शोधिला, तरी तांबड्यासह सर्व रंग समतोल टिपणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आल्या. तोंपर्यंतच्या चित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें येई. वऱ्हाडाच्या पावसाळी आकाशांतील मेघ त्या चित्रांत नाहींत, म्हणून त्या दिवशीं आभाळ निरभ्र होतें असें अनुमान कोणी काढूं नये. त्याचप्रमाणें तांबडी वीट काळी उमटे. बाळापूरचा किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर उभा आहे, आणि त्याचें विटांचें बांधकाम प्रसिद्ध आहे. साध्या कांचेवर घेतलेल्या चित्रांत असा तट काळ्या पाषाणाचा भासावयाचा. ज्यानें बाळापूर पाहिलें नाहीं त्यानें केवळ जुन्या चित्रावरून बांधकामाचें द्रव्य ठरविलें, तर लेखकाच्या प्रमादास मूळ ग्रंथकाराचें मत मानण्यासारखें तें होईल.

यानंतर हेन्री कझिन्स यांचें नांव येतें. मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील प्राचीन अवशेषांची त्यांची यादी इ. स. १८९७ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि दक्षिणेंतील मध्ययुगीन देवालयांवरील त्यांचा मोठा ग्रंथ इ. स. १९३१ मध्यें निघाला. हेमाडपंती म्हणून आपण ज्यांस ओळखतों त्या देवालयांच्या अभ्यासास तो ग्रंथ वगळून चालत नाहीं. त्यांतील छायाचित्रांचा गुण असा कीं, तीं देवालयाच्या थरांचा हिशेब देतात. अधिष्ठानाचे थर, जंघेवरील कोनाडे, तारकाकृति विधानामुळें पडणारे कोन, हें सर्व मोजतां येईल अशा बेतानें यंत्र उभें केलें आहे, आणि चित्रासोबत आराखडेही दिले आहेत. चित्रकारानें आपला ठसा उमटविण्याची खटपट केलेली नाहीं. हा संयम थोर आहे.

परंतु याच गुणाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. चित्राखालीं स्थळाचें व देवालयाचें नांव आहे. प्रहर नाहीं, ऋतु नाहीं, ऊन कोणत्या अंगानें पडलें याचा निर्देश नाहीं. लोणारच्या दैत्यसूदनाचें उदाहरण घ्या. बाहेरील भिंतींवर ऊन-सावलीचा खेळ अखंड चाललेला असतो, आणि आंतील मंडपाच्या छतावर पौराणिक प्रसंग कोरलेले असून तेथें काळोखाचें राज्य आहे. बाहेरच्या भिंतीचें चित्र तिरप्या उन्हांत घेतलें, तर प्रत्येक कोनाची सावली शेजारच्या कोनावर पडून तारकेचे कांहीं कोन गिळले जातात. तेंच मेघाच्छादित दिवशीं घेतलें, तर सर्व कोन दिसतात, पण त्यांची खोली कळत नाहीं. दोन्ही चित्रें खरीं, आणि दोन्ही अपुरीं. कोणतें कशासाठीं वापरावें हें ठरविण्यास प्रकाशाची नोंद हवी. ती नसल्यानें सर्वेक्षणाचें चित्र निःपक्षपाती दिसतें. वस्तुतः त्यानें आपला पक्ष फक्त सांगितलेला नसतो.

आतां कलादृष्टीनें काढलेल्या चित्रांकडे वळूं. जुन्या वास्तूंस प्रकाशाच्या नाट्यांत उभें करून पाहण्याची ही रीति युरोपांत फार पूर्वीं रुजली. इंग्लंडांतील फ्रेडरिक एव्हन्स यांनीं वेल्स येथील प्रार्थनामंदिराच्या झिजलेल्या पायऱ्यांचें इ. स. १९०३ मध्यें घेतलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यांत पायऱ्या समुद्राच्या लाटांप्रमाणें वर चढत जातात. एव्हन्स कांचेवर मागाहून हात फिरवीत नसत. योग्य प्रकाशाची वाट पाहणें हेंच त्यांचें कौशल्य. त्या चित्रावरून पायऱ्यांची संख्या अथवा माप काढावयास कोणी जाणार नाहीं. परंतु शतकानुशतकें पावलें पडून दगड कसा झिजतो, हें त्या एका चित्रानें जितकें कळतें तितकें आराखड्यानें कळत नाहीं. झीज हाही वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे, आणि ती दाखविण्याचें सामर्थ्य तिरप्या प्रकाशांतच आहे.

आपल्याकडे हल्लीं गाविलगड, नरनाळा, अचलपूरचा हौजकटोरा, अमरावतीचा परकोट अशा स्थळांचीं पुष्कळ चित्रें या दृष्टीनें काढलीं जातात, आणि प्रदर्शनांत व दिनदर्शिकांत तीं पाहावयास मिळतात. त्यांची सरसकट हेटाळणी करण्याची जी प्रवृत्ति जुन्या अभ्यासकांत आढळते, ती आम्हांस मान्य नाहीं. चिखलदऱ्याच्या पठारावर पावसाळ्यांत धुकें उतरतें. त्या धुक्यांत घेतलेल्या गाविलगडाच्या चित्रांत मागचा डोंगर पुसला जातो आणि तटाची एकच कड, त्यावरील बुरुजांच्या चढउतारासह, शुद्ध रेषेनें उभी राहते. किल्ला डोंगराच्या कोणत्या धारेला धरून बांधिला आहे, हें निरभ्र दिवसाच्या चित्रांत झाडाझुडपांच्या गर्दीमुळें समजत नाहीं. धुकें तो पसारा झांकून टाकतें. येथें अवघड प्रकाशानें अभ्यासकाचें काम हलकें केलें.

परंतु नरनाळ्याच्या महाकाळी दरवाजाच्या बाबतींत तीच आवड घातक ठरते. हा दरवाजा इ. स. १४८७ चा, बहामनी सुलतान शहाबुद्दीन महमूद याच्या राजवटींतला, आणि शुभ्र वालुकापाषाणाचा आहे. त्यावरील कमळें, कंगणी, अरबी लेख, आणि दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांतील नानाविध दगडी जाळ्या यांमुळें वऱ्हाडांतील मुसलमानी शिल्पाचा तो उत्कृष्ट नमुना मानला जातो. सूर्यास्तापूर्वींच्या घटकेंत काढलेल्या चित्रांत मात्र हा दगड सोनेरी अथवा तांबूस दिसतो. जाळ्यांच्या मागें काळोख दाटतो, आणि एक जाळी दुसरीहून भिन्न आहे हें त्या वास्तूचें खास वैशिष्ट्य नाहींसें होतें. चित्र मनोहर होतें, आणि दरवाजा दुसराच होतो. अपरिचित वाचक त्यावरून दगडाची जात लिहून ठेवील, आणि ती नोंद एका लेखांतून दुसऱ्या लेखांत उतरत जाईल. पोथ्यांच्या परंपरेंत अपपाठ असेच स्थिर होतात.

याहून गंभीर प्रकार मिश्रणाचा आहे. अंधाऱ्या मंडपांतून दाराबाहेरचें ऊन एकाच चित्रांत साधत नाहीं, म्हणून एकाच जागेवरून कमीअधिक प्रकाशाचीं चार-पांच चित्रें घेऊन त्यांचें एक करण्याची युक्ति आज सर्वांस सुलभ झाली आहे. युक्ति नवी नाहीं. फ्रान्स सरकारच्या वतीनें इ. स. १८५१ मध्यें पांच छायाचित्रकार जुन्या वास्तूंचीं चित्रें घेण्यासाठीं पाठविण्यांत आले. त्यांपैकीं बाल्द्यू यांनीं आर्ल येथील मठाची ओवरी अनेक कागदी मूळ चित्रांचे तुकडे जोडून सिद्ध केली. त्यांचेच सहकारी ल ग्रे यांनीं पुढें समुद्राच्या चित्रांत समुद्र एका कांचेवरचा आणि आकाश दुसऱ्या कांचेवरचें, अशी जोडणी केली. आज यंत्रगणकावर आकाश बदलून टाकणें क्षणाचें काम आहे. वैशाखांतील हौजकटोऱ्यावर श्रावणांतले मेघ घालतां येतात.

या दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. अनेक प्रतींवरून एक पाठ सिद्ध करणें निंद्य असतें, तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्तिही निंद्य ठरली असती. सुकथनकरांनीं सिद्ध केलेलें आदिपर्व इ. स. १९३३ मध्यें पूर्ण झालें, आणि सबंध आवृत्ति इ. स. १९६६ मध्यें पुरी झाली. तिचें प्रामाण्य कशांत आहे ? प्रत्येक पानाच्या तळाशीं पाठभेद दिले आहेत, आणि कोणता शब्द कोणत्या प्रतींतला हें वाचकास तपासतां येतें, यांत आहे. त्याप्रमाणें मंडपाचा अंधार आणि दाराचें ऊन एकत्र केलेलें चित्र उपयुक्त आहे. मात्र मूळ चार-पांच चित्रें जपून ठेविलीं पाहिजेत आणि मिश्रण केल्याचें सांगितलें पाहिजे. आकाशाची अदलाबदल ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. तो प्रक्षेप होय. मद्रास इलाख्याचे छायाचित्रकार लिनियस ट्राइप हे आपल्या कागदी मूळ चित्रांवर मेघ रंगवीत असत. त्यांनींच इ. स. १८५८ मध्यें तंजावरच्या बृहदीश्वराच्या पायथ्याचा शिलालेख २१ चित्रें जोडून सुमारें १९ फूट लांबीच्या एका पटांत उतरविला. एकाच माणसाच्या हातून प्रक्षेपही झाला आणि उत्तम संहिताही झाली. यावरून छायाचित्रकाराच्या नांवावर विसंबून चालत नाहीं, चित्रागणिक परीक्षा करावी लागते, हें सिद्ध होतें.

शिलालेखांच्या चित्रांत प्रकाशाचा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाहीं ; तेथें अर्थ बदलतो. अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळीच्या देवालयांत शके १०९८ चा लेख आहे. त्या काळच्या नागरी लिपींत पृष्ठमात्रेचा प्रचार होता, हें वाचकांस विदित आहेच. एकाराची मात्रा डोक्यावर न देतां अक्षराच्या डावीकडे उभ्या दंडानें दाखवीत. आतां उन्हाचा एक नियम पाहा. कोरलेली रेघ प्रकाशाच्या दिशेस आडवी असेल तर तिच्यांत सावली सांचून ती ठळक होते ; समांतर असेल तर दोन्ही कडा उजळून ती मावळते. सरळ वरून उतरणाऱ्या प्रकाशांत शिरोरेखा ठसठशीत येते आणि उभे दंड फिकट होतात. अशा चित्रांत पृष्ठमात्रा हरवली, तर ‘के’ चा ‘क’ होईल आणि ‘को’ चा ‘का’ होईल. बाजूनें आलेल्या प्रकाशांत दंड स्पष्ट होतात, पण शिरोरेखा आणि आडव्या रेषा मावळतात. म्हणून एकाच चित्रावरून केलेलें कोणत्याही जीर्ण लेखाचें वाचन अपुरें समजावें.

दुसरा भ्रम याहून विलक्षण आहे. प्रकाश वरून येतो असें गृहीत धरण्याची आपल्या डोळ्यांस सवय आहे. चित्र उलटें धरिलें, अथवा लेखावर खालून उजेड टाकला, तर खोदलेलीं अक्षरें उठावाचीं दिसूं लागतात आणि उठावाचीं खोदलेलीं भासतात. नागरी लेख सामान्यतः खोदलेले, आणि फारसी-अरबी लेख बहुधा उठावाचे असतात. प्रकाशाची दिशा ठाऊक नसेल तर हा भेद चित्रांत ओळखतां येत नाहीं. शाईचा ठसा या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे, म्हणून ठशाची जुनी पद्धति सोडूं नये. त्याच्या जोडीस रात्रीं एक साधी विजेरी भिंतीशीं लगटून धरावी, यंत्र न हालवितां उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून असा चार वेळां टाकावा, आणि चार चित्रें घ्यावीं. इ. स. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतींत अशीं अनेक चित्रें यंत्रगणकाच्या द्वारें एकत्र करून वाचकास हवा त्या दिशेनें प्रकाश फिरवून पाहतां येतो. तत्त्व तेंच आहे : एक साक्ष पुरत नाहीं.

आतां वऱ्हाडाच्या सूर्याविषयीं. अमरावती व अकोला हीं शहरें कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें २१ अक्षांशांच्या आसपास आहेत. त्यामुळें मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत एकेका दिवशीं माध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो, आणि मधल्या सुमारें आठ आठवड्यांत माध्यान्हींचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो. शरत्संपातापासून वसंतसंपातापर्यंत उत्तराभिमुख भिंतीस ऊन मुळींच लागत नाहीं. वसंतसंपातानंतर सकाळ-सायंकाळ तिच्यावर तिरपें ऊन येऊं लागतें, आणि दक्षिणायनाच्या आरंभीं उगवता सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारें २५ अंश सरकलेला असतो. डोंगराची वा झाडांची आड नसेल, तर हा हिशेब कोणत्याही देवालयास लागू पडतो.

संग्राहकांस याचा मोठा उपयोग आहे. मिति नसलेलें जुनें छायाचित्र हातीं आलें आणि त्यांत देवालयाच्या उत्तर बाजूवर ऊन दिसलें, तर तें चित्र हिवाळ्यांतलें नव्हे हें निश्चित. कंगणीची सावली भिंतीवरून सरळ खालीं उतरली असेल आणि भिंत दक्षिणाभिमुख असेल, तर वेळ माध्यान्हाची. सावलीच्या लांबीचें कंगणीच्या पुढाव्याशीं प्रमाण काढलें, तर ऋतूही जवळपास सांगतां येतो. पोथीचा काळ अक्षरवटिकेवरून आणि कागदावरून ठरवितात, तसें हें चित्रांतर्गत प्रमाण होय. जे जुने ठसे कोण्या घराण्याच्या पेटींतून निनांवी निघतात, त्यांची या रीतीनें परीक्षा झाली पाहिजे.

हें सर्व सांगण्याचें निकडीचें कारण आहे. ज्या देवालयांत पूजा चालू आहे तेथें मूर्तींवर शेंदराचे थर चढतात, खांबांस तैलरंग लागतो, आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहांत थर सिमेंटाखालीं जातात. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या धास्तीनें इ. स. १८०७ मध्यें बांधावयास घेतला गेला. त्याला लागून आज घरें व दुकानें उभीं आहेत, आणि कित्येक ठिकाणीं तट दिसण्यास वावच उरलेला नाहीं. दगड झांकला गेला अथवा ढांसळला कीं मागें राहतें तें चित्र. त्या दिवशीं तें चित्र प्रत राहत नाहीं, त्याला मूळ ग्रंथाचा अधिकार प्राप्त होतो. आणि ज्या प्रतीच्या लेखनाविषयीं कांहींच माहिती नाहीं तिला तो अधिकार देण्याची पाळी आपणांवर येते.

आपल्या जुन्या लेखकांस ही जबाबदारी कळत होती. पोथी संपली म्हणजे ते पुष्पिका लिहीत. शक, संवत्सर, मास, तिथि, गांव आणि आपलें नांव देत. आणि समोरच्या प्रतींत जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष आम्हांस देऊं नये, अशी विनंती करीत. छायाचित्रासही पुष्पिका असावी, एवढीच आमची सूचना आहे. वास्तूचें नांव, भिंतीची दिशा, इसवी सनाची तारीख, घड्याळाची वेळ, ऊन होतें कीं आभाळ, प्रकाश कोणत्या बाजूनें होता, चित्र एकच कीं अनेकांचें मिश्रण, आणि मागाहून कांहीं घातलें अथवा पुसलें काय, अशा आठ गोष्टी चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें लिहिल्या तरी पुरे. चित्र यंत्रगणकावर असेल तर त्याच्याबरोबर तशीच टीप जोडावी. कलावंताच्या स्वातंत्र्यास यानें बाध येत नाहीं. त्यानें सायंकाळचें सोनें नरनाळ्याच्या पांढऱ्या दगडावर खुशाल उधळावें. फक्त ती सायंकाळ होती हें खालीं लिहून ठेवावें.

ज्यांच्या संग्रहीं वऱ्हाडच्या वास्तूंचीं जुनीं छायाचित्रें आहेत, त्यांनीं तीं याच दृष्टीनें पुन्हां एकवार काढून पाहावीं. ज्यांचा काळ सावल्यांवरून ठरतो तो ठरवावा, आणि ज्या चित्रांतील भिंत अद्याप उभी आहे तिच्यासमोर त्याच ऋतूंत, त्याच प्रहरीं जाऊन दुसरें चित्र घ्यावें. दोन प्रतींचा असा मेळ घातल्यावर मधल्या काळांत दगडाचें काय झालें तें निश्चयानें सांगतां येईल. प्रकाश निराळा ठेवून केलेली तुलना मात्र व्यर्थ होय. तींत दगडाची झीज कोणती आणि उन्हाची करामत कोणती, हें कोणासही वेगळें करतां यावयाचें नाहीं.